दोन काटे एकदम चुकतात तेव्हा



उद्या सकाळी गाडीत बसाल आणि किल्ली फिरवाल, तेव्हा लगेच सेल्फ मारू नका. दोन-तीन सेकंद थांबा आणि समोर बघा. लाल, पिवळे, हिरवे असे डझनभर दिवे एकदम पेटतील. इंजिन सुरू झाले की एकेक विझत जातील. आपण हे रोज पाहतो आणि रोज विसरतो. पण त्या दोन-तीन सेकंदांत गाडी आपली हजेरी देत असते. बॅटरी हजर, ऑइल हजर, ब्रेक हजर. त्या हजेरीत एखादा दिवा पेटलाच नाही, तर तो सगळे ठीक असल्यामुळे पेटला नाही, असे समजू नका. कदाचित तो ओरडणारा गडीच मुका झालेला असतो.

मी आयुष्यभर या दिव्यांच्या मागच्या बाजूला काम केले. तुम्ही डॅशबोर्ड समोरून पाहता, मी तो सीटखाली पाठ टेकून, तोंडात बॅटरी धरून, खालून पाहिला. आज त्याच डॅशबोर्डचा थोडा इतिहास सांगणार आहे, आणि सोबत माझ्या हातून घडलेली एक चूकही. ती चूक सांगितल्याशिवाय हा इतिहास मला पुरा करता येणार नाही.

डॅशबोर्ड हा शब्द मोटारीच्या आधीचा आहे. घोडागाडीत हाकणाऱ्याच्या पुढ्यात एक उभी फळी किंवा चामड्याचा पडदा असे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून ती आडोशाची फळी. इंग्रजीत डॅश म्हणजे जोरात आदळणे, उडणे. घोडा गेला, चिखल गेला, फळी मात्र राहिली, आणि पुढे त्याच फळीवर माणसाने एकेक घड्याळ बसवायला सुरुवात केली.

सुरुवातीच्या मोटारींत बसवण्यासारखे फारसे काही नव्हतेच. पेट्रोल किती आहे हे टाकीत काठी बुडवून पाहायचे. इंजिन तापले की नाही हे रेडिएटरमधून वाफ निघाली की कळायचे. १९१२च्या सुमारास रेडिएटरच्या झाकणावरच बसवायचा एक थर्मामीटर अमेरिकेत निघाला, तो चालकाला सीटवरून काचेपलीकडे दिसे. वेग दाखवणाऱ्या मीटरचे पेटंट जर्मनीतल्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये घेतले. गिअरबॉक्सकडून येणारी एक तार फिरते, तिच्या टोकाला लोहचुंबक फिरतो, आणि त्याच्या ओढीने शेजारची धातूची वाटी व तिला जोडलेला काटा सरकतो. चुंबक वाटीला शिवतसुद्धा नाही. हीच युक्ती जवळजवळ शंभर वर्षे जगभर चालली. जुन्या गाडीत वेगाचा काटा थरथर नाचू लागला की समजावे, तारेतले ग्रीस वाळले आहे. त्या दुखण्यात विजेचा संबंध नसे.

विजेचा संबंध आला तो १९१२ पासून. त्या वर्षी कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर, म्हणजे आपला सेल्फ, बसला. हँडल मारायचा त्रास संपला. पण सेल्फला ताकदवान बॅटरी लागते आणि बॅटरी भरायला डायनॅमो लागतो. मग डायनॅमो काम करतो की नाही हे चालकाला कळले पाहिजे. म्हणून डॅशबोर्डवर अँमीटर आला. काटा उजवीकडे झुकला तर बॅटरीत जमा, डावीकडे झुकला तर खर्च. वाण्याच्या खतावणीसारखा सरळ हिशेब. पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या हडसन कंपनीने काट्यांऐवजी इशाऱ्याचे लाल दिवे बसवले. जाणत्या चालकांना ते आवडले नाही. काटा दुखणे येताना दाखवतो, दिवा दुखणे आल्यावर सांगतो, अशी त्यांची तक्रार होती. त्या दिव्यांना तिकडे ‘मूर्खांचे दिवे’ असे नावच पडले. पण दिवा स्वस्त होता आणि लक्षात यायला सोपा होता. तो टिकला.

आता आपल्या गावाकडे येतो.

१९७२च्या दुष्काळात आमच्या घरचे लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मी चौदा वर्षांचा होतो. पैठण तालुक्यातल्या गावातून मला एका नातेवाइकाने शहरात आणले आणि एका मोटार वायरमनच्या हाताखाली ठेवले. शहर तेव्हा औरंगाबाद होते. २०२३ पासून त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. दोन वेळचे जेवण आणि शिकायला मिळेल, एवढाच करार. सुकडीवर दिवस काढलेल्या पोराला जेवण हाच मोठा पगार वाटला. त्या वायरमनला सगळे ‘उस्ताद’ म्हणत, मीही उस्तादच म्हणत असे.

दुकान कसले, पत्र्याची टपरी होती. रस्त्यावर सरकारी जीपगाड्या, ट्रक, थोड्या अँबेसिडर आणि फियाट. फियाट म्हणजे मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनीत बनणारी. ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढली. तीच फियाट पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईची टॅक्सी म्हणून २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत तगली. या सगळ्या गाड्यांचे वायरिंग हाताने उलगडता येई. एकेका तारेचा रंग ओळखायचा, तिचे टोक गाठायचे.

उस्तादांचे मुख्य हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प. इंडिकेटरचा एक जुना बल्ब, त्याला दोन तारा, एका तारेला चिमटा आणि दुसरीला पोती शिवायचे दाभण. चिमटा गाडीच्या पत्र्याला लावायचा आणि दाभण जिथे करंट असायला हवा तिथे टोचायचे. बल्ब पेटला तर करंट तिथवर पोचला. मंद पेटला तर वाटेत कुठे तरी अडला. आजचा मल्टिमीटर पुष्कळ अचूक आहे, पण तार आतून तुटून एकच केस शिल्लक राहिली असली तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. बल्ब फसत नाही, कारण तो नुसता डोकावत नाही, थोडा करंट खर्च करून बघतो.

माझ्या डोक्यात वीज शिरेना, तेव्हा उस्ताद मला एका शुक्रवारी पाणचक्कीला घेऊन गेले. मंडळी, आपल्या शहराला पाण्याचे शहाणपण फार जुने आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी हे गाव खडकी होते, तेव्हा मलिक अंबरने जमिनीखालून नहर आणली. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की झाली. हर्सूलच्या बाजूने कित्येक किलोमीटर मातीच्या नळातून पाणी येते, भिंतीच्या उंचीवर चढते आणि खाली पडून जात्याचे चाक फिरवते. पंप नाही, इंजिन नाही. उगम उंचावर आहे, म्हणून पाणी चढते.

उस्ताद म्हणाले, ही उंची म्हणजे तुझे व्होल्ट. वाहते पाणी म्हणजे करंट. नळ म्हणजे तार. चक्की म्हणजे बल्ब किंवा मीटर. नळ वाटेत फुटला तर चक्की मंदावते. तेव्हा चक्कीला शिव्या देऊन उपयोग नाही, वाटेवर चालत जायचे. मग त्यांनी मला पलीकडच्या बाजूला नेले आणि विचारले, चक्की फिरवून झाल्यावर पाणी कुठे जाते? मी म्हणालो, खाम नदीकडे. ते म्हणाले, आणि ती वाट बुजली तर? पाणी येईल भरपूर, पण चक्की फिरणार नाही. गाडीत ही परतीची वाट म्हणजे अर्थ. प्रत्येक बल्ब, प्रत्येक मीटर आपला करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत पाठवतो. तो पत्रा गंजला, स्क्रू ढिला झाला, वर रंग बसला, की परतीची वाट बुजली.

आणि त्यांनी आपल्या दखनी बोलीत सूत्र सांगितले, “पैले जमीन देख, बाद में आसमान.” म्हणजे आधी अर्थ तपास, मग बाकीचे.

हे सूत्र मला तोंडपाठ होते, पण अंगी मुरले नव्हते. त्याची किंमत एका दुसऱ्याच माणसाने भरली.

१९७९चा मे महिना. उस्ताद गावी गेले होते आणि टपरी माझ्या हातात होती. मी एकवीस वर्षांचा, स्वतःला वायरमन समजू लागलेला. एक टुरिस्ट टॅक्सीवाले आले. वेरूळ-अजिंठ्याला परदेशी पाहुणे नेणारे, चाळिशीतले, शांत गृहस्थ. शहरातल्या एका हॉटेलचे काम त्यांच्याकडे बांधून होते. तक्रार अशी की, पेट्रोलचा काटा कधी कधी जास्त दाखवतो. टाकीत अर्धे असले तर पाऊण दाखवतो. मी बोनेट उघडले, मीटर पाहिले. ते सहज म्हणाले, “इंजिनचा काटाही हल्ली वर असतो हो.” मी म्हणालो, “उन्हाळा आहे काका, चढणारच.”

श्रोतेहो, ते वाक्य मी आज पंचेचाळीसहून अधिक वर्षे ऐकतो आहे.

त्या काळच्या अनेक गाड्यांत पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा हे दोघे एकाच घरचे असत. बॅटरीचा दाब सतत कमी-जास्त होतो. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास, चालू असताना चौदाच्या घरात. त्यामुळे काटे हलू नयेत म्हणून दोघांच्या आधी एक छोटी डबी असे, व्होल्टेज स्टॅबिलायझर. तिच्यात एक दोन धातूंची पट्टी असते. ती तापून वाकते, करंट तोडते, निवते, पुन्हा जोडते, आणि सरासरी दहा व्होल्टच्या आसपास दाब पुढे देते. त्या पट्टीला तापायला अर्थ लागतो. अर्थ सुटला की पट्टी तापत नाही, करंट तुटत नाही, आणि बॅटरीचा सगळा दाब सरळ मीटरांवर जातो. मग दोन्ही काटे एकदम वर चढतात. पेट्रोल आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि इंजिन आहे त्यापेक्षा गरम दिसते.

म्हणजे त्या गृहस्थांनी मला रोगाचे नावच सांगितले होते. दोन काटे एकदम चुकत होते. एकाच वेळी दोन मीटर बिघडणे फार दुर्मीळ. दोघांचे जे सामाईक आहे, तिथे बोट ठेवायचे. मी बोट ठेवले ते नव्या मीटरवर. बाजारातून पेट्रोलचे नवे मीटर आणले, बसवले, पैसे घेतले. बसवताना पॅनल हलले, अर्थचा ढिला स्क्रू तात्पुरता जागेवर टेकला, आणि दोन्ही काटे बरोबर दाखवू लागले. मला वाटले, मी दुरुस्त केले. मोटारीच्या विजेत हा मोठा सापळा आहे. बिघाड हात लागल्यानेही पळतो आणि श्रेय नव्या वस्तूला मिळते.

पाच-सहा दिवसांनी अजिंठ्याहून परतताना, सिल्लोडच्या अलीकडे, अंधार पडल्यावर त्यांची गाडी बंद पडली. काटा पाव टाकी दाखवत होता आणि टाकी कोरडी होती. आत चार परदेशी पाहुणे, त्यांना रात्रीची रेल्वे गाठायची होती. एका ट्रकवाल्याच्या मेहेरबानीने पेट्रोल मिळेपर्यंत रेल्वे निघून गेली. दुसऱ्या आठवड्यात हॉटेलचे काम दुसऱ्या टॅक्सीकडे गेले.

ते आले तेव्हा उस्ताद परत आले होते. गृहस्थांनी आरडाओरडा केला नाही. मी काढून दिलेले जुने मीटर त्यांनी जपून ठेवले होते, ते बाकावर ठेवले आणि घडले ते सांगितले. उस्तादांनी एकच प्रश्न विचारला, “दुसरा काटा काय म्हणत होता?” मग ते पॅनलमागे गेले. दहा मिनिटांत त्यांनी स्टॅबिलायझरचा गंजलेला स्क्रू काढला, पॉलिश पेपरने जागा घासली, घट्ट आवळला. जुने मीटर परत बसवले. ते ठणठणीत होते. नव्या मीटरचे पैसे माझ्या पगारातून महिन्या-महिन्याला फेडले गेले. शेवटचा हप्ता द्यायला मी स्वतः गेलो. त्यांनी पैसे मोजले नाहीत, नुसते खिशात ठेवले आणि म्हणाले, “पैसे आले रे बाबा, गिऱ्हाईक नाही आले.”

त्यानंतर मी जी कुठली गाडी हातात घेतली, तिला आधी तोच प्रश्न विचारला. एकटाच चुकतोय, की दोघे मिळून चुकताय? ब्रेक दाबला की इंडिकेटरचा दिवाही मंद पेटतो? मग ब्रेकही ठीक आहे आणि इंडिकेटरही; मागच्या दिव्यांचा अर्थ गेला आहे, आणि करंट शेजाऱ्याच्या अंगणातून परतीची वाट शोधतो आहे. फक्त पेट्रोलचा काटा चुकतो? मग टाकीतला तरंगणारा गोळा आणि त्याची तार बघा. बॅटरीचा लाल दिवा अंधुक पेटलेलाच राहतो? त्या दिव्याच्या एका बाजूला बॅटरीचा दाब असतो, दुसऱ्या बाजूला डायनॅमोचा किंवा अल्टरनेटरचा. दोन्ही पारडी सारखी झाली की दिवा विझतो. तो मिणमिणत असेल तर पारडी सारखी नाहीत. आणि तो किल्ली फिरवल्यावर पेटतच नसेल, तर अधिक काळजी करा. कारण अनेक गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट याच दिव्यातून मिळतो. दोन रुपयांचा बल्ब गेला म्हणून बॅटरी न भरणारी गाडी मी पाहिली आहे.

काळ पुढे सरकला. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. डॅशबोर्डमागे सुट्या तारांचा गुंता जाऊन पातळ प्लास्टिकवर छापलेल्या तांब्याच्या रेषा आल्या. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि या शहराचे तोंड कायमचे वाहनांच्या धंद्याकडे वळले. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना उभा राहिला. ऑक्टोबर २०१० मध्ये तर इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या एकत्र खरेदी केल्या, आणि मराठवाड्याला मागास म्हणणाऱ्यांनी तोंडात बोटे घातली.

त्या गाड्यांच्या आत काय बदलले होते, ते थोडे सांगतो. पूर्वी प्रत्येक मीटरला स्वतःची तार असे. गाडीत यंत्रे वाढली, तशा तारा वाढल्या, इतक्या की तारांचे वजन आणि गुंता हीच अडचण झाली. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६च्या फेब्रुवारीत अमेरिकेत डेट्रॉइटला एक नवी पद्धत मांडली, तिला ‘कॅन’ म्हणतात. एकमेकींना पीळ घातलेल्या दोनच तारा, आणि सगळी यंत्रे त्यांच्यावर पाळीपाळीने बोलणार. गावात एकच चावडी, ज्याला सांगायचे ते त्याने चावडीवर सांगावे, ज्याला हवे त्याने ऐकावे, तसे. १९९१च्या मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत ती प्रथम बसली आणि हळूहळू सर्वत्र आली. आता डॅशबोर्ड स्वतः फारसे काही मोजत नाही. इंजिनचा संगणक तापमान मोजतो, चावडीवर सांगतो, आणि डॅशबोर्ड ते ऐकून काटा हलवतो.

त्यामुळे रोगनिदानही बदलले. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. अमेरिकेत १९९६ पासून ते सक्तीचे झाले, आपल्याकडे प्रदूषणाच्या नियमांबरोबर टप्प्याटप्प्याने आले. त्यात स्कॅनर जोडला की गाडी आपल्या तक्रारींचे कोड सांगते. ‘यू’ अक्षराने सुरू होणारा कोड म्हणजे संपर्क तुटल्याची तक्रार. त्या दोन तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी सोडवून दोन तारांमध्ये मोजले तर ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टोक तुटले. इथे उस्तादांचा टेस्ट लॅम्प चालत नाही. तो इतका करंट ओढतो की एखादा नाजूक संगणक जळेल. माझा लॅम्प मी २००३ मध्ये खुंटीला टांगला. डोळ्यांत पाणी आले होते, खोटे कशाला सांगू? पण जे हत्यार इजा करते ते टांगलेच पाहिजे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त शिक्षिकेची पाच-सहा वर्षांची गाडी. एका सकाळी डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम पेटले. ब्रेकचा, स्टिअरिंगचा, इंजिनचा. मध्येच पडदा काळा होई, काटे शून्यावर पडत आणि पुन्हा उठत. एका वर्कशॉपने सांगितले, पूर्ण मीटर पॅनल बदलावे लागेल. खर्च पाच आकडी. बाई माझ्याकडे आल्या त्या दुरुस्तीसाठी नाही, पेन्शनमधून एवढे द्यावेत का, हे विचारायला.

माझा एक जुना विद्यार्थी स्कॅनर घेऊन आला. चार यंत्रांच्या तक्रारी होत्या, सगळ्या ‘यू’च्या. तो म्हणाला, “सर, सगळेच एकमेकांबद्दल सांगतायत की हा दिसत नाही, तो दिसत नाही.” मला एकदम तो मे महिना आठवला. दुसरा काटा काय म्हणत होता? इथे तर चार काटे एकदम चुकत होते. मी म्हणालो, “बॅटरीच्या निगेटिव्हपासून डॅशबोर्डच्या अर्थपर्यंत व्होल्ट मोज. हेडलाइट लाव, पंखा लाव आणि मग मोज.” परतीची वाट मोकळी असेल तर तिथे जवळजवळ शून्य यायला हवे. सव्वा व्होल्ट आले. चालकाच्या पायापाशी, आतल्या पत्र्यावर अर्थचा बोल्ट होता. पावसाचे पाणी गालिच्याखाली मुरले होते आणि बोल्टवर हिरवट-पांढरा गंज चढला होता. पॉलिश पेपर, घट्ट आवळणे, वर थोडे ग्रीस, आणि पाणी जिथून येत होते ते रबर बदलले. दिवे विझले. पावसाळा संपेपर्यंत पुन्हा पेटले नाहीत.

बाई त्या वर्कशॉपवर संतापल्या. मी त्यांना थांबवले. तिथल्या पोराने लबाडी केली असे मला वाटत नाही. त्याने माझ्यासारखेच केले. स्कॅनर कोण तक्रार करतो ते सांगतो, का करतो ते सांगत नाही. तो ‘का’ शोधायला वेळ लागतो, आणि त्या पोराला दिवसाला इतक्या गाड्या संपवायच्या असतात. माझ्या डोक्यावर उस्ताद होते. त्याच्या डोक्यावर कोण आहे?

हा प्रश्न एका टपरीचा किंवा एका शहराचा नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचे संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर वाहनेही त्यात आहेत. वस्तू विकणाऱ्याने ती दुरुस्त करण्याची माहिती आणि सुटे भाग मिळू द्यावेत, हा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. पण कागद मिळाला तरी तो वाचून अर्थच्या बोल्टपर्यंत जाणारा माणूस लागेल. तो घडवावा लागतो, आणि घडताना तो एखादी चूक करतो. ती चूक त्याला दाखवणारे कोणी असले पाहिजे, आणि पैसे परत करायला लावणारेही.

जाता जाता दोन-चार गोष्टी, ज्या तुम्ही घरी करू शकता. लाल दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवा. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत पेटला तर पुढच्या गावाची वाट बघू नका. गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. अनेक दिवे एकदम पेटले तर घाबरू नका. आधी बॅटरी आणि तिची टोके तपासून घ्या. एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना मात्र घरी हात लावू नका. दुरुस्तीला जाताना सगळी लक्षणे सांगा, क्षुल्लक वाटणारीही. कधी घडते, पाऊस पडल्यावर की दिवे लावल्यावर, एकच काटा की दोन. मॅकेनिकने “उन्हाळा आहे, चढणारच” असे म्हटले, तर नम्रपणे पुन्हा सांगा.

उस्ताद जाऊन बरीच वर्षे झाली. ते टॅक्सीवाले गृहस्थ पुढे कधी आमच्या टपरीवर आले नाहीत. अजिंठ्याच्या रस्त्याने जाताना सिल्लोड आले की मी अजूनही सवयीने आधी पेट्रोलचा काटा बघतो, आणि मग शेजारचा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)